बिनतारी दादाची नाडी

आत्याचा दवाखाना शिंप्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये कोंबून बसवल्यासारखा होता. आत एक टेबल, त्यावर मनगट टेकवायला मखमलीची छोटी उशी, भिंतीला लागून एक बाक आणि काचेच्या बरण्यांचं एक कपाट. ती नक्की कुणाची आत्या, हे आता कुणी विचारत नसे. सख्खी भाची तिला एकच. ती लहानपणी दवाखान्यात शिरताना मोठ्याने हाक मारायची, ती हाक बाकावरच्या पेशंटांनी उचलली, आणि पुढे आत्यापेक्षा वयाने मोठी माणसंही तिला बिनदिक्कत आत्या म्हणू लागली.

नाडी बघायची रीत वडिलांची. तीन बोटं मनगटावर, डोळे मिटलेले, मान किंचित कलती. वडील तेवढ्यावर थांबायचे. आत्याने त्यात पदरची भर घातली होती. पेशंट दारातून बाकापर्यंत येईतो ती त्याच्या चपला, शर्टाची बाही, पिशवीतून डोकावणारा पावाचा पुडा, सगळं नजरेखालून घालायची. मग डोळे मिटून, बराच वेळ गप्प राहून म्हणायची, "काल घरी भांडण झालंय तुमच्या." माणूस चाट पडायचा. ते भांडण आत्याने मागच्या खिडकीतून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असायचं. भाचीने एकदा खोदून विचारलं, की यात नाडीचं किती आणि बाकीचं किती. तेव्हा आत्या म्हणाली, "अर्धं मनगटात असतं, अर्धं चपलेत असतं, आणि राहिलेलं अर्धं शेजारीण सांगते." भाची कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. हे तीन अर्धे कुठे बसवायचे ते तिला कळेना, पण हसू मात्र आवरलं नाही.

चेष्टेखोर असली तरी आत्या लबाड नव्हती. ताप, अशक्तपणा, रात्रभरचं जागरण हे तिच्या बोटांना खरोखरच कळायचं. आणि जे आपल्या हातचं नाही अशी शंका आली, की ती त्या माणसाला काढ्यावर ताटकळत ठेवायची नाही. थेट मोठ्या दवाखान्याची वाट दाखवायची, वर नातेवाइकांना दमही भरायची.

खरं म्हणजे ही विद्या तिच्या थोरल्या भावाकडे जायची होती. वडिलांनी त्याला समोर बसवून त्याची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली आणि विचारलं, काय जाणवतं? मुलाने मनगट उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, याची तार कुठून येते? वडिलांनी कपाळाला हात लावला आणि धाकटीला हाक मारली. मुलगा पुढे तारांच्याच मागे गेला, आणि तारांना कंटाळून बिनतारी खात्यात नोकरीला लागला. जन्मभर कानाला हेडफोन लावून दूरच्या जहाजांशी बोलला. त्याला सगळे बिनतारीच म्हणायचे. आत्या म्हणायची दादा, आणि चिडली की बिनतारी दादा.

निवृत्त झाल्यावर दादा आणि वहिनी आत्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले. तेव्हापासून दोघा भावंडांचं रोज कशावरून तरी वाजायचं. दादाच्या मते नाडीपरीक्षा म्हणजे डोळे मिटून मारलेल्या थापा. आत्याच्या मते दादाची यंत्रं म्हणजे डोळे उघडे ठेवून लावून घेतलेली पीडा. वहिनी दोघांना चहा द्यायची आणि आपण कुणाच्या बाजूने आहोत याचा पत्ता लागू द्यायची नाही.

खरी ठिणगी पडली ती राऊटरवरून. दादाने सगळ्या इमारतीला पुरेल असा एक मोठा राऊटर आणला आणि जिन्याखाली बसवला. चारी बाजूंना शिंगं काढलेला तो काळा डबा नेमका दवाखान्याच्या भिंतीपलीकडे आला. झेरॉक्सवाला खूश, कारण त्याला आता लोकांच्या मोबाइलवरचे कागद झटपट छापता येणार होते. शिंपीही खूश, कारण कात्री चालवताना त्याला गाणी ऐकायची असत. नाराज झाल्या त्या फक्त मुख्याध्यापिकाबाई. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या या निवृत्त बाई आत्याच्या नेहमीच्या पेशंट. अशा लहरींनी माणसाच्या मनावर ताण येतो, असा एक मेसेज त्यांच्या मोबाइलवर येऊन पडला होता. दवाखान्याच्या बाकावर बसल्या असताना तो आला होता त्याच राऊटरवरून, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या संध्याकाळपासून त्यांचं डोकं दुखू लागलं.

बाईंनी मनगट उशीवर ठेवलं आणि विचारलं, की या डब्याचा ताण नाडीत दिसतो का हो? आत्याने डोळे मिटले. नाडी जरा घाईत होती, पण बाई नुकताच रस्ता ओलांडून आल्या होत्या. तेवढं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण भिंतीपलीकडे दादा शिडीवर उभा राहून स्वतःशीच शीळ घालत होता. ती शीळ ऐकून आत्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ती म्हणाली, "दिसतंय खरं काहीतरी."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी बाकावरचा प्रत्येक जण राऊटरचा ताण तपासून घ्यायला आलेला. कुणाला झोप येत नव्हती, कुणाचं पोट बिघडलं होतं, एकाची म्हणे बायको बोलत नव्हती, आणि सगळ्याचं खापर त्या शिंगवाल्या डब्यावर. आत्याने कुणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसती "हं" म्हणत राहिली. तिच्या त्या "हं"चे ज्याने त्याने हवे तसे अर्थ लावले, आणि डबा काढून टाका म्हणून चार माणसं दादाच्या दारात जाऊन उभी राहिली.

दादा तरातरा खाली आला. दवाखाना भरलेला होता याचीही त्याने पर्वा केली नाही. त्याने सरळ आव्हानच दिलं. रविवारी सगळ्यांसमोर बाईंची नाडी धरायची आणि डबा चालू आहे की बंद ते सांगायचं. तो जिन्याखाली जाऊन बटण दाबणार, ही आत बसून ओळखणार. बरोबर आलं तर डबा तो स्वतःच्या हाताने उचलून नेणार.

"आणि नाही आलं तर?" आत्याने विचारलं.

दारावर पाटी होती, 'येथे नाडीपरीक्षा केली जाते'. दादाने त्या पाटीकडे बोट दाखवलं. "त्यात एक शब्द वाढवायचा. 'येथे अंदाजे नाडीपरीक्षा केली जाते.' रंग माझा."

बाकावर खसखस पिकली. आता माघार घ्यायची तर नाक कापल्यासारखं झालं असतं. आत्या म्हणाली, ब्रश जरा जाड आण, तुझं अक्षर किरटं आहे.

रविवारी दवाखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिंपी, झेरॉक्सवाला आणि वहिनी बाकावर, बाकीचे दारात. मुख्याध्यापिकाबाई इस्त्रीची साडी नेसून, जणू बक्षीस समारंभाला आल्यासारख्या बसलेल्या. दादा बाहेर जायचा, जिन्याखाली खुडबुड करायचा, परत येऊन हाताची घडी घालून उभा राहायचा. मग आत्या बाईंची नाडी बघून निकाल सांगायची.

पहिला निकाल चुकला. दुसराही चुकला. तिसरा बरोबर आला, पण कसा ते आत्यालाच माहीत नव्हतं. बाईंची नाडी आपली एकाच चालीने तुरुतुरु पळत होती. डबा चालू असो की बंद, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दादा मिशीतल्या मिशीत हसत होता, आणि ब्रश त्याच्या खिशातून डोकावत होता.

आत्याने डोळे उघडले आणि साळसूदपणे म्हणाली, की असं एकीचंच मनगट बघून भागणार नाही. दादा त्या डब्याच्या अगदी जवळ जाऊन येतो, तेव्हा त्याचाही हात हवा, तुलनेला. दारातल्या मंडळींना हे एकदम शास्त्रशुद्ध वाटलं. दादाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग बाही वर सारून डावा हात पुढे केला.

आत्याचा एक हात बाईंच्या मनगटावर, दुसरा दादाच्या. तिने सगळं लक्ष दादाच्या मनगटाकडे लावलं आणि शब्द ताणत ताणत म्हणाली, "डबा… चा…" बोटाखाली दादाची नाडी बेडकासारखी उडाली. "चालू आहे," आत्या म्हणाली. बरोबर! पुढच्या खेपेला तिने पुन्हा "चा…" पासूनच सुरुवात केली. नाडी संथ. "चालू वाटतोय, पण नाही, बंदच." तेही बरोबर. लहानपणी डब्यातलं गूळ-खोबरं कुणी संपवलं हे सुद्धा दादाला कधी लपवता आलं नव्हतं. तोंड दगडासारखं ठेवायचा, पण आत सगळी धावपळ.

मग एकामागून एक सगळे निकाल बरोबर येत गेले. शिंपी तोंडाचा आ वासून बघत राहिला. मुख्याध्यापिकाबाईंनी, आपल्या मनगटाला मिळालेलं हे यश आहे अशा थाटात, सगळ्यांकडे पाहून मान हलवली.

आत्याला आतून उकळ्या फुटत होत्या. आणि ऐन त्या गमतीत बोटाखाली काहीतरी निसटलं. एक ठोका आलाच नाही. मग दोन घाईघाईने आले, पुन्हा एक रिकामी जागा, पुन्हा झुंबड. वडिलांनी तिला साप शिकवला होता, बेडूक शिकवला होता, हंस शिकवला होता. नाडीच्या चाली अशा प्राण्यांवरून ओळखायच्या असत. हा प्राणी त्यातला नव्हता. हा कुठल्याच चालीने चालत नव्हता. दादा शांत उभा असतानाही ते चालूच होतं, आणि त्याचा डब्याशी काही संबंध नव्हता, कारण डबा त्या वेळी बंद होता.

आत्याने हात सोडला नाही. दादानेही काढून घेतला नाही, हे तिला जास्त खटकलं. एरवी हा माणूस तिला साधा ताप आहे का बघू द्यायचा नाही.

"काय, जिंकलीस ना?" दादा म्हणाला.

चारचौघांत सांगितलं तर तो उडवून लावेल हे जाणून आत्या म्हणाली, आज पुरे, निकाल पुढच्या रविवारी. जिंकलेली बाई निकाल पुढे का ढकलते हे कुणालाच कळलं नाही. दादाने मात्र हुज्जत घातली नाही.

मधल्या दिवसांत ही बातमी भाचीच्या कानावर गेली. ती तडक आली आणि तिने दोघांनाही फैलावर घेतलं. याला परीक्षा म्हणतात का? ज्याला उत्तर माहीत आहे तोच समोर उभा, वर त्याचाच हात धरलेला! तिने सगळे नियम नव्याने घातले. ती स्वतः जिन्याखाली बसणार, नाणं उडवून छाप की काटा बघणार आणि त्याप्रमाणे डबा चालू किंवा बंद करणार. आत काय चाललंय ते तिला दिसणार नाही, बाहेर काय चाललंय ते आतल्या कुणाला कळणार नाही. सगळ्यांचे मोबाइल वरच्या घरात बिस्किटांच्या डब्यात. आणि बाबा, म्हणजे दादा, पूर्ण वेळ वहिनीशेजारी बाकावर, तोंड भिंतीकडे करून. दादा म्हणाला, मी काय शाळेत आहे? मुख्याध्यापिकाबाईंनी सवयीने म्हटलं, "मागे बघू नका."

या खेपेला आत्याने सगळ्यांच्या नाड्या बघितल्या. शिंप्याची, झेरॉक्सवाल्याची, बाईंची, वहिनीची. खरोखर मन लावून बघितल्या. चपला बघितल्या नाहीत, बाह्या बघितल्या नाहीत. आत झेरॉक्सवाल्याने सगळं टिपून घेतलं, आणि शेवटी भाचीने आत येऊन ते आपल्या कागदाशी ताडून सांगितलं, "आत्या, तू नाणं उडवून उत्तरं दिली असतीस तरी एवढीच बरोबर आली असती." डबा चालू असताना कुणाचीही नाडी जास्त ताणलेली नव्हती, बंद असताना कमीही नव्हती. बाईंची नाडी तर सर्वांत जोरात पळाली ती डब्याची वायरच काढून ठेवली होती तेव्हा. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाईंना स्वतःची परीक्षा झेपत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

बाईंनी ते ऐकलं, थोडा वेळ कपाळ चाचपलं आणि म्हणाल्या, खरंच की, आज डोकं दुखायचं राहूनच गेलं.

लोक पांगले. दवाखान्यात घरचीच माणसं उरली, तेव्हा आत्याने मागच्या रविवारची आपली करामत सांगून टाकली. बाईंची नाडी बघत नव्हते दादा, तुझी बघत होते. भाचीने डोळे मोठे केले. दादा ब्रशचे केस नीट करत बसला.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "जन्म गेला माझा हेच ऐकण्यात. कोण कुणाचं चोरून ऐकतंय ते मला कळत नाही होय?"

"मग हात कशाला दिलास?"

उत्तर वहिनीने दिलं. इतकी वर्षं कुठलीच बाजू न घेतलेली ती बाई बाकावरून उठली आणि म्हणाली, की हे रोज पहाटे उठून आपलंच मनगट धरून बसतात. छातीत फडफडतं म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की वसकन अंगावर येतात. धाकट्या बहिणीला हात दाखवायचा तर इतकी वर्षं केलेली टिंगल आडवी येते. म्हणून त्या रविवारी तुलनेला हात मागितला, तो यांनी लगेच पुढे केला.

आत्या बघतच राहिली. त्या ठोक्याची काळजी वाहतानाही, आपण दादाला बनवलं या आनंदात ती आठवडाभर मनातल्या मनात खुदखुदत होती, आणि हा बाही सारून स्वतःच पुढे आला होता. तिला राग यायला हवा होता. आलाही, पण तो टिकेना.

तिने मखमलीची उशी पुढे सरकवली. दादाने मुकाट्याने हात ठेवला. या वेळी आत्याने कुणाला ऐकू जावं म्हणून काही केलं नाही. बराच वेळ बघितलं.

"ठोके गळतायत," ती म्हणाली. "हे कळायला वैद्य लागत नाही, कुणीही बोट ठेवलं तरी कळेल. उद्या सकाळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं."

"तुझ्या एखाद्या बरणीत काही नाही?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच आव्हान नव्हतं.

"नाही," आत्या म्हणाली. "असतं तर दिलं असतं."

दुसऱ्या दिवशी सगळी वरात मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी तपासलं, आलेख काढला, आणि ठोक्यांची लय बिघडली आहे, पण वेळेवर आलात, असं सांगितलं. गोळ्या दिल्या. मग काडेपेटीएवढं एक यंत्र दादाच्या छातीवर चिकटवलं. ते दिवसरात्र ठोके मोजणार होतं आणि घरच्या वायफायवरून परस्पर डॉक्टरांकडे पाठवणार होतं. दादाचा चेहरा उजळला. तो कुठल्या लहरी, किती अंतर, मधे भिंत आली तर काय, असं विचारत सुटला आणि त्याला खुर्चीतून उठवायला वहिनीला दंड धरावा लागला.

आता पंचाईत झाली आत्याची. डबा बंद पडला की दादाचे ठोके डॉक्टरांपर्यंत पोचणार नाहीत. ज्या डब्याविरुद्ध तिने सगळ्यांना उठवलं होतं, तो क्षणभरही बंद पडू नये म्हणून तीच दिवसातून कितीदा तरी जिन्याखाली वाकून हिरवा दिवा बघू लागली. कुणी पेशंट डब्याचं नाव काढलंच तर ती तोडून टाकायची, की परीक्षा झाली, तुमच्या पोटाला तो जबाबदार नाही, रात्रीचं जेवण लवकर करा. एकदा झेरॉक्सवाल्याने पंख्यासाठी डब्याची पिन काढली, तर ती शिंप्याची कात्री घेऊनच त्याच्या दुकानात शिरली. तिला म्हणे कात्रीच्या टोकाने फक्त वायर दाखवायची होती.

पैज हरली ती हरलीच. दादाने स्टुलावर चढून पाटीवर 'अंदाजे' लिहिलं, ठसठशीत. आत्या खाली उभी राहून काना तिरपा आला, मात्रा पुसट आली, अशा चुका काढत होती. आता गिऱ्हाईक तुटणार असं दादाला वाटलं होतं. झालं उलटंच. पुढच्याच आठवड्यात एक नवा माणूस दारात आला, पाटी नीट वाचली आणि अदबीने विचारलं, "अंदाजेबाई आपणच का?"

आत्याने बाकावर बसलेल्या दादाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हो, या ना, बसा." तेव्हापासून नव्या लोकांत तिचं आडनाव अंदाजे झालं. जुने पेशंटही गमतीने तसंच म्हणू लागले. भाचीच्या कॉलेजात ही गोष्ट पोचली, आणि संख्याशास्त्राची मुलं एकदा खास या अंदाजेबाईंना बघायला येऊन गेली.

दादा आता रोज दुपारी पेशंट ओसरले की खाली येतो. गोळ्यांनी फडफड पुष्कळ कमी झाली आहे, पण अधूनमधून एखादा ठोका गळतोच. तो डावा हात उशीवर टाकतो आणि उजव्या हातात मोबाइल धरतो, त्यावर छातीवरच्या यंत्राची रेघ हलत असते. आत्या डोळे मिटते. मग दोघं श्वास रोखून वाट बघतात.

"गेला!" आत्या म्हणते.

मोबाइलवर ती रिकामी जागा जराशी उशिराच उमटते. दादा ती बघतो, चुळबुळतो आणि म्हणतो, "नेटवर्क स्लो आहे आज."

वहिनी वरून चहाला हाक मारते. कुणीच उठत नाही.